छातीचे दोन फोटो

१९ सप्टेंबर, गुरुवार

गणपती गेले, ओल मागे ठेवून गेले. कपाटातल्या साड्यांना वास यायला लागलाय. गॅलरीच्या काचा जूनपासून बंद. आत हीटर, दोरीवर टॉवेल आणि त्यांच्या खाली श्री आणि स्वरा कॅरमला बसलेले. स्वरा म्हणजे सुनंदाची लेक, साडेचार वर्षांची. सुनंदा जवळच्या औंढ्याहून लोणावळ्याला आमच्याकडे कामाला येते. दहा वर्षं झाली, घर तीच चालवते, मी आपली मालकीण असल्यासारखी वावरते. बालवाडी सुटली की पोरगी इथे, ती संध्याकाळपर्यंत आबांच्या ताब्यात. श्रीला, माझ्या नवऱ्याला, कुणी आबा म्हणेल असं मला वाटलं नव्हतं, पण त्याला ते फार आवडतं. स्वरा सोंगटी बोटाने ढकलत नेऊन भोकात टाकते आणि हा म्हणतो, "फाऊल नाही, नवीन नियम आहे."

आज खेळली नाही. त्याच्या मांडीवरच झोपली. हात लावून पाहिला, अंग कोमट.

सुनंदा म्हणाली, "काकू, सांजच्याला ताप येतोय हो तिला. जातोय, परत येतोय. खात बी न्हाई."

"कधीपासून?"

"गणपतीच्या लय आधीपास्नं."

आणि मला आज सांगते! डॉक्टरच्या घरात काम करून ही तऱ्हा. चिडले तिच्यावर. मग स्वराच्या झग्याकडे नीट पाहिलं, खांद्यावरून घसरत होता. रोज डोळ्यासमोर असलेलं मूल वाळत गेलेलं मलाही दिसलं नव्हतं, म्हणून चिडणं आवरतं घेतलं. निखिलला फोन केला. तो मुलांचा डॉक्टर, मी जिथे फोटो वाचते त्या एक्स-रे सेंटरच्या वरच्याच मजल्यावर बसतो. परवा दाखवायचं ठरलं.

श्रीची पँट शिंप्याकडून आली, कंबर पुन्हा आत घेतलेली. आरशासमोर पुढून, मागून, बाजूने पाहणं चाललंय. साखर आटोक्यात, पोट गायब. "या वयात फिगर!" म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

२१ सप्टें., शनि.

निखिलने तपासून छातीचा फोटो सांगितला, स्वरा आमच्या खोलीत आली आणि मशीन पाहून तिने जो सूर लावला तो बाजारपेठेपर्यंत गेला असेल. शकीलने (आमचा टेक्निशियन, घाई कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही) दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा काढून टाकला. फोटो असा: पोरगी वाकडी, श्वास बाहेर सोडलेला, मधली सावली फुगून बसलेली आणि दोन्ही फुफ्फुसांच्या टोकांवर दोन वेण्या. रिबिनीसकट.

वेण्यांची सावली वरच्या भागात पडली की नवखा डॉक्टर तिला टीबी म्हणू शकतो. मुलीने रडत श्वास सोडला की मधल्या गाठी वाढल्यासारख्या दिसतात. म्हणजे फोटोत टीबी दोनदा होता आणि दोन्ही वेळा खोटा. रद्द. सोमवारी परत.

शकील: "मॅडम, वेण्या डोक्यावर बांधून आणायला सांगा. आनंदीबाईसारख्या."
मी: "आनंदीबाई कोण?"
शकील: "आमच्या गल्लीतली."

२३ सप्टें., सोम.

आज जमलं. शकीलने फुग्याची गोष्ट सांगितली, फुगा मोठ्ठा करायला श्वास घे म्हणाला, तिने घेतला, त्याने बटण दाबलं. बाजूनेही एक काढला.

मोठ्यांच्या छात्या बघण्यात माझं आयुष्य गेलं. कारखान्यांतले कामगार, ड्रायव्हर, हॉटेलांतले आचारी. फोटो लावला की डोळे आपोआप वर जातात, गळपट्टीच्या हाडांमागे. मोठ्यांचा टीबी तिथेच बिऱ्हाड करतो, माळ्यावर, आणि राहिला की भोक पाडतो. मुलांच्या फोटोत ही सवय मोडावी लागते. मुलांचा माळा बहुतेक वेळा स्वच्छ असतो. बघायचं ते फुफ्फुसाच्या देठाशी, जिथून श्वासनळ्या आत शिरतात. तिथल्या गाठी सुजतात, नळीला चेपतात, आणि मूल धड खोकतही नाही. नुसतं वाळतं.

स्वराचा उजवा देठ भरलेला. बाजूच्या फोटोत तर शंकाच नको, श्वासनळीच्या मागे आणि खाली गाठींचा घोस. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर चहा पीत रिपोर्ट लिहिला असता.

निखिल खाली येऊन बराच वेळ बघत राहिला. "मॅडम, नक्की ना?"
मी म्हटलं, "मुलांच्या बाबतीत नक्की काय असतं, ते मला सांग. मग मी तुला सांगते."

२५ सप्टें., बुध.

स्वराला तळेगावला दवाखान्यात ठेवलंय. उद्या पहाटे उपाशीपोटी नळी घालून पोटातलं पाणी काढायचं. सुनंदाला पटेना. "छातीत हाय म्हनता आन् पाणी पोटातलं काढता?" बरोबरच आहे तिचं. समजावलं की मोठं माणूस थुंकी बाहेर टाकतं, लहान मूल गिळतं, म्हणून ती पोटात शोधायची. ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर 'तुमचं तुमालाच ठाऊक' असं स्पष्ट लिहिलेलं. हातावर टीबीच्या चाचणीची सुईही टोचून ठेवलीये, जागा सुजली तर संशय पक्का.

घर शांत. श्रीने कॅरमबोर्ड पुसून भिंतीला लावून ठेवला. दोनदा विचारलं, नळी घालताना दुखतं का? मी म्हटलं, हो.

२८ सप्टें., शनि.

पाण्यात काही सापडलं नाही. हात मात्र टरटरून सुजलाय. मुलांत हे असंच. जंतू इतके थोडे की मशीनला सापडत नाहीत, आणि सापडले नाहीत म्हणजे नाहीत असं म्हणता येत नाही. फोटो, हात, ताप, उतरलेलं वजन, सगळं एकत्र ठेवून ठरवायचं. निखिलचं आणि माझं एकमत झालं, आजपासून औषध. सहा महिने. सरकारी गोळ्या पाण्यात विरघळतात, चव जरा फळासारखी. स्वरा पहिला घोट घेऊन म्हणाली, "अजून."

सुनंदाला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. ती पहिल्यांदा म्हणाली, "आमच्यात कुनाला न्हाई टीबी." मग, "बालवाडीत सांगावं लागंल का? घालवत्याल तिला." मी तिचा हात धरला. म्हटलं, मूल टीबी पसरवत नाही. मुलाला तो लागतो, मूल दुसऱ्याला देत नाही, तिला खुशाल सगळ्यांत राहू दे. हे मी तिला तीन-तीनदा सांगितलं. आणि पुढे हेही सांगितलं की लहान मुलाला टीबी झाला म्हणजे जवळच्या कुणातरी मोठ्या माणसाला आहे, ते माणूस शोधायला हवं. नाहीतर इकडून औषध आणि तिकडून पुन्हा लागण.

उठताना तिने विचारलं, "मोठं मानूस म्हंजे म्हातारं बी?"
मी म्हटलं, "कुणीही."

१ ऑक्टो., मंगळ.

औंढ्याचं सगळं घर सेंटरवर. सुनंदा, तिचा नवरा दत्ता (कुसगावच्या एका रिसॉर्टचा टेम्पो चालवतो) आणि सासू जनाबाई. दत्ताचा फोटो स्वच्छ, सुनंदाचा स्वच्छ. जनाबाईच्या फुफ्फुसात एक चुन्याचा ठिपका, केव्हाचा तरी जुना, पूर्ण बरा झालेला, निरुपद्रवी. थुंकीसुद्धा साफ.

मग कळलं ते असं. मी 'मोठं माणूस' म्हटलं त्या संध्याकाळपासून म्हातारीचं अंथरूण पडवीत गेलंय. ताट वेगळं, तांब्या वेगळा, नातीला जवळ घ्यायची बंदी. कुणी काही बोललं नाही, नुसतं उचलून बाहेर ठेवलं. जनाबाई स्वतःही काही बोलल्या नव्हत्या. आज फोटो बघत मला म्हणाल्या, "म्हंजे माज्यामुळं न्हाई?"

"नाही आजी. तुमच्यामुळे नाही."

"मग ह्या दोघांना जरा मोठ्यानं सांगा. माजं म्हनलेलं ऐकू येत न्हाई त्यांना."

मी मोठ्याने सांगितलं. दत्ता जमिनीकडे बघत होता. मला फार वाईट वाटलं, माझ्या एका वाक्याने हे झालं. शब्द जपून वापरायला हवे होते.

४ ऑक्टो., शुक्र.

घट बसले. मी कोडं सोडवतेय. घरचे तिघे स्वच्छ, मग पोरीला दिला कुणी? सुनंदा भांडी घासत असताना मागे उभी राहून चौकशी केली. बालवाडीच्या बाई? त्यांची तपासणी झालीये, ठीक आहेत. वडापच्या जीपमधले लोक? दत्ताचे मित्र? शेजारपाजारचं कुणी खोकणारं?

"काकू, ती असती कुटं सांगा की. सकाळी बालवाडीत, मग सांजपतुर हितंच. घरी गेली की जेवून झोपती. पाव्हनं-रावळं बी लय न्हाईत आमच्यात."

मग मी सुनंदाच्या माहेराबद्दल विचारलं. तिकोणा पेठेला माहेर, तिथे एक चुलता दम्याचा. उन्हाळ्यात स्वरा तिथे गेली होती. लगेच धागा सापडल्यासारखं झालं. दत्ताला म्हटलं, त्याला घेऊन ये. तो पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाला. खूश होऊन श्रीला सांगायला गॅलरीत गेले. स्वरा त्याच्या शेजारी सोंगट्यांचा किल्ला रचत होती, आज ताप नाही. तो म्हणाला, "शेरलॉक, चहा मिळेल का?"

७ ऑक्टो., सोम.

हे लिहायला हात होत नाही. तरी लिहिते.

स्वरा वजनाला आली होती. निखिल यायचा होता, म्हणून माझ्या खोलीत बसवली. शकील तिला खेळवत होता. म्हणाला, "खोकला येतो का अजून? दाखव बरं खोकून." स्वराने त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं. म्हणाली, "माझा खोकला न्हाई येत. आबांचा येतो. असा." आणि करून दाखवला. डावा हात छातीवर, मान जराशी खाली, दोन छोटे, एक लांब, शेवटी घसा खाकरून "हं, कुठं होतो आपण?"

हुबेहूब. श्रीचं प्रत्येक वाक्य खोकल्यानंतर तसंच सुरू होतं. शकील हसला, सुनंदा तोंडाला पदर लावून हसली, मीही हसले. अगदी मनापासून हसले. आणि मधेच माझं हसू थांबलं.

हा खोकला मी रोज ऐकते. जेवताना, टीव्ही बघताना, पलीकडच्या उशीवर. सिगारेट सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी 'सिगारेटचा जुना खोकला' म्हणून आम्ही दोघांनी त्याला घरचा करून टाकला होता. लोणावळ्याची हवा, ओल, वय. आणि साखर आहे त्याला. साखरवाल्यांना हा रोग लवकर धरतो, हे मी व्याख्यानात सांगत असे. आणि वजन. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

'सांजपतुर हितंच' असं सुनंदा म्हणाली होती. मी तिच्या माहेरी जाऊन पोचले, माझ्या गॅलरीत नाही.

घरी आले तेव्हा दोघांचा कॅरम मांडलेला. काचा बंद. सुनंदाला म्हटलं, आज लवकर जा, चार दिवस सुट्टी घे, दसऱ्यापर्यंत. तिला नवल वाटलं असणार.

८ ऑक्टो., मंगळ.

सकाळी श्रीला सांगितलं.

"टीबी? मला?" आधी हसला. मग, "मी रोज टायगर पॉइंटच्या रस्त्याने चालतो, तू अजून चपला शोधत असतेस." मग, "तुला ना, सगळीकडे टीबी दिसायला लागलाय." मग रागावला, मग आंघोळीला गेला, आणि तयार होऊन बाहेर आला तो गाडीची किल्ली हातात घेऊनच.

शकीलने फोटो काढला. मी पडद्यासमोर उभी. उजवीकडे वर, गळपट्टीच्या हाडामागे, जाड काठाचं भोक. भोवती ठिपक्यांची रांगोळी. विद्यार्थ्यांना दाखवावा असा. शोधावंही लागलं नाही, डोळे आपणहून वर गेले, सवयीने.

पलीकडच्या पडद्यावर स्वराचा फोटो अजून उघडाच होता, सकाळी निखिलला दाखवायला काढलेला. एकाच रोगाचे दोन फोटो. तिचा माळा स्वच्छ, देठ सुजलेला. याचा देठ साधा, माळ्याला भोक. ज्याला यातलं काही माहीत नाही असा माणूस आला तर म्हणेल, या दोघांचा एकमेकांशी काय संबंध?

शकीलने खुर्ची पुढे ओढली. म्हणाला, "मॅडम, बसा जरा." मी बसले.

९ ऑक्टो., बुध.

थुंकीत जंतू. भरपूर. औषध सुरू. श्री पाहुण्यांच्या खोलीत, खिडक्या सताड उघड्या, तोंडाला मास्क. माझा फोटो स्वच्छ निघाला, त्याचं मला काडीचं समाधान वाटलं नाही.

रात्री जेवताना (तो त्याच्या दारात, मी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून) त्याने विचारलं, "पोरीला मी दिला?"

मी डॉक्टरसारखं उत्तर दिलं. म्हटलं, तिच्या पोटातल्या पाण्यात जंतू सापडला नाही, त्यामुळे तुझा आणि तिचा जंतू जुळवून बघता येत नाही. खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही.

शब्द न् शब्द खरा होता. तो म्हणाला, "म्हणजे हो."

मग ताट खाली ठेवून रडला. मी बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला असं पाहिलं नव्हतं. जवळ जायचं नव्हतं, तरी गेले, मास्क लावून.

तिकोणा पेठेच्या चुलत्याचा विषय राहिला. दत्ताला फोन करून म्हटलं, आणायची गरज नाही. का, ते सांगितलं नाही.

१२ ऑक्टो., शनि. दसरा

सुनंदा आणि स्वरा सोनं द्यायला आल्या. मी बोलावलं नव्हतं, पण सोनं द्यायला कुणाला बोलवावं लागतं? स्वरा नव्या परकर-पोलक्यात, मुठीत आपट्याची पानं. वाकून माझ्या पाया पडली आणि "आबा" करत आत धावली.

मी आडवी आले. अक्षरशः दारात हात पसरून. "आत नको!" आवाज फार मोठा निघाला. पोरगी जागच्या जागी थिजली. मी म्हटलं, "आबांना बरं नाही गं, सर्दी झालीये." सर्दी!

सुनंदाने पोरीला आपल्याकडे ओढलं. मग हळूच म्हणाली, "काकू, तिचा लागत न्हाई म्हनला व्हता तुमी."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. तिला वाटलं, मी माझ्या नवऱ्याला तिच्या पोरीपासून वाचवतेय. चार दिवसांची सुट्टीही त्यासाठीच दिली. दुनियेला सांगायचं, लागत नाही, आणि आपल्या दारात हात पसरायचे.

ती पुढे म्हणाली, "आत्यांचं हातरून आमी पडवीत टाकलं, तवा तुमी आमाला किती बोलला." आणि पानं टेबलावर ठेवून पोरीला घेऊन गेली.

मी तिथेच सांगू शकले असते. तोंड उघडलं नाही. श्रीने आतून सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "तू नाही सांगितलंस तर मी फाटकात उभा राहून ओरडून सांगीन."

मला भीती कसली वाटली, ते निदान इथे लिहावं. लोक काय म्हणतील याची नाही. सुनंदा जाईल याची. तिच्याशिवाय आमचं चालणार नाही याची. इतकी साधी, स्वतःपुरती भीती.

१४ ऑक्टो., सोम.

औंढ्याला गेले. श्री हट्टाने आला, रस्त्यावर गाडीत बसून राहिला, मास्क लावून, काचा खाली. घरात सुनंदा भाकरी थापत होती, दत्ता नुकताच ड्यूटीवरून आलेला, जनाबाई उंबऱ्याशी नातीच्या केसांना तेल लावत होत्या. अंथरूण पडवीतून आत आलेलं दिसलं.

सगळं सांगितलं. गोल गोल नाही, सरळ. काकांना टीबी आहे, मोठ्यांचा, पसरणारा. स्वरा रोज त्यांच्याजवळ बंद खोलीत असायची. तिला तो बहुधा आमच्या घरातून लागला. तिचं औषध सुरू झाल्यावरही ती त्याच खोलीत येत राहिली, कारण मी तुमचे सगळ्यांचे फोटो काढले आणि माझ्या घरातला काढला नाही.

दत्ता उभा राहिला. "बाई, तुमी डॉक्टर ना? ह्याच रोगाच्या ना?"
"हो."
"आन् आमच्या आईला आमी जनावरासारखं भायेर निजवलं. तुमच्या सांगन्यावरनं."
मी हो म्हटलं. तसं मी सांगितलं नव्हतं, पण ते तेव्हा म्हणण्यात अर्थ नव्हता.

जनाबाईंनी केसांतला हात थांबवला. मुलाला म्हणाल्या, "मला तू निजवलंस दत्ता. त्यांच्यावर नको ढकलू." आणि पुन्हा वेणीला लागल्या. तो बाहेर निघून गेला.

सुनंदा थापतच होती. तव्यावरची करपली तरी उलटली नाही. मी म्हटलं, सुनंदा, काहीतरी बोल. ती म्हणाली, "पोरगी बरी व्हईल का, तेवडं सांगा."

"होईल. गोळ्या चुकवल्या नाहीत तर नक्की होईल."

"मग चुकवनार न्हाई."

कामाला येते की येत नाही, काही नाही. मी विचारलं नाही. निघाले तशी स्वरा माझ्याआधी गाडीकडे पळाली, दत्ताने तिला लांबच धरून ठेवलं. श्रीने खिडकीतून हात हलवला. तिनेही हलवला.

२१ ऑक्टो., सोम.

आली नाही. भांडी मी घासते, वाईट घासते. दहा वर्षांत तेलाचा डबा कुठल्या खणात गेला ते माहीत नव्हतं. दुसरी बाई बघून देतो असं शेजारच्या बंगल्यातून दोनदा सांगून झालं. नको म्हटलं.

स्वराला वजनाला दत्ता घेऊन आला. वर निखिलकडे गेला, खाली माझ्याकडे नाही. शकीलने येऊन सांगितलं, वजन वाढलंय. एवढी बातमी पुरली आजच्या दिवसाला.

२८ ऑक्टो., सोम.

सुतार बोलावून गॅलरीच्या काचा काढल्या. सगळ्या. थंडी येईल तेव्हा स्वेटर घालू. सुतार म्हणाला, "मॅडम, लोक बसवून घेत्यात, तुमी काढून टाकताय." श्रीचा खोकला कमी. वजन जरा वाढलंय, यावेळी टाळ्या बरोबर वाजवल्या. रोज संध्याकाळी विचारतो, काही कळलं का औंढ्याचं. मी नाही म्हणते. मग तो उघड्या गॅलरीत जाऊन बसतो.

२ नोव्हें., शनि. पाडवा

फराळ विकतचा. चकली दगड. श्रीला ओवाळलं, लांबून, दोघांनाही हसू आलं. ओवाळणी काय घालू विचारत होता, मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घे, पुष्कळ झाली. तो म्हणाला, "स्वराने ओवाळलं असतं नाही का, मागच्या वर्षी केवढा हट्ट केला होता." मी स्वयंपाकघरात निघून गेले.

औंढ्याला फराळ घेऊन जावं का, हा विचार दिवसभर. गेले नाही. देणं-घेणं करून मोकळं व्हायला गेल्यासारखं वाटलं असतं.

१५ नोव्हें., शुक्र.

श्रीची थुंकी साफ. आता त्याच्यापासून कुणाला धोका नाही. पाहुण्यांच्या खोलीतून आपल्या खोलीत आला. रात्री खोकलाच नाही, आणि त्या शांततेने मला झोप लागेना.

हे औंढ्याला कळवायला हवं होतं. फोन हातात घेतला आणि ठेवला. कळवलं तर वाटेल, ये म्हणतेय.

२५ नोव्हें., सोम.

स्वराचा दुसरा फोटो. या वेळी सुनंदा स्वतः आली.

स्वरा भरलीय. गाल आलेत, ताप नाही, शकीलला दम देत होती की फुगा मी फुगवणार, तू बटण दाब. आणि फोटो? देठाशी गाठी जवळजवळ तशाच. एक तर कणभर मोठीच वाटते.

सुनंदा माझ्या मागे येऊन उभी राहिली. चुकून जुना आणि नवा फोटो दोन्ही पडद्यांवर उघडे होते. तिला फोटो वाचायला कुणी शिकवलेलं नाही, पण तेवढं तिला कळलं. "गेलं न्हाई ना?"

मी खुर्ची ओढून दिली. ती बसली नाही. सांगितलं की मुलांचं असंच असतं. मूल आधी बरं होतं, फोटो मागाहून. गाठी विरायला औषध संपल्यावरही कितीतरी महिने जातात, कधी आधी थोड्या वाढतातसुद्धा. आपण फोटोवर नाही जायचं, पोरीवर जायचं. ती जेवते का? खेळते का? ताप नाही ना? मग बरोबर चाललंय.

"आन् काकांचा फोटो?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिने त्याचं नाव काढलं. मी म्हटलं, मोठ्यांचं उलटं. भोक लहान होतंय, पण जागेवर वण राहील, कायमचा. थुंकी साफ आहे, आता कुणाला लागणार नाही.

तिने ऐकलं. खरं मानलं की नाही, कळलं नाही. 'लागत नाही' हे माझ्या तोंडून तिने आधीही ऐकलंय.

स्वरा म्हणाली, "आबांना सांग, मला आता स्ट्रायकरनी मारता येतं. आमच्या बालवाडीत छोटा कॅरम आलाय." सुनंदाने तिचा हात धरला आणि दाराकडे वळली. मला राहवलं नाही.

"सुनंदा, येशील का गं?"

ती थांबली. पोरीची रिबीन नीट केली, नीटच होती तरी. म्हणाली, "भात झोडायचं हाय."

आणि गेली.

घरी आल्यावर श्री फाटकातच. "काय म्हणाली?"
"भात झोडायचंय म्हणाली."
त्याने जरा विचार केला. "किती दिवसांचं काम असतं ते?"

मला सांगता येईना. दहा वर्षं आम्ही तिच्याच शेतातला तांदूळ खातोय.